मेलेल्या माणसासाठी काय करता येतं? ख्रिस्ती परलोककल्पनेचा एक धागा

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. मेल्यानंतर माणसाचं काय होतं, हा प्रश्न इतिहासाच्या आवाक्यातला नाही आणि आज आपण त्याचं उत्तर देणार नाही आहोत. पण मेल्यानंतर काय होतं याविषयी माणसं काय मानत होती, आणि त्या मानण्यापायी जिवंतपणी काय करत होती, याचे कागद मात्र शिल्लक आहेत. मृत्युपत्रं आहेत, देणग्यांच्या नोंदी आहेत, प्रार्थनेची पुस्तकं आहेत, राजांनी केलेले कायदे आहेत. आपल्याला त्या कागदांशी काम आहे.

विषय तसा अफाट आहे. मरण, न्याय, स्वर्ग, नरक, पुनरुत्थान, यातल्या एकेकावर स्वतंत्र व्याख्यान होईल. म्हणून आज आपण एकच धागा धरू: मेलेल्या माणसासाठी मागे राहिलेल्यांना काही करता येतं का? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर मिळालं, ते शेकडो वर्षं टिकलं, आणि मग युरोपच्या अर्ध्या भागात एका पिढीच्या आत ते ‘नाही’ झालं. त्या ‘हो’पासून ‘नाही’पर्यंतचा हा प्रवास आहे.

कार्थेजच्या तुरुंगातलं स्वप्न

इ.स. २०३. आजच्या ट्युनिशियातलं कार्थेज शहर. रोमन साम्राज्यात तेव्हा ख्रिस्ती होणं हा गुन्हा ठरू शकत होता. तुरुंगात एक बाई आहे, पर्पेतुआ. वय साधारण बावीस, घर चांगलं, अंगावर पिणारं मूल. तिला रिंगणात जनावरांपुढे टाकणार हे ठरलेलं आहे. त्या दिवसांत तिने स्वतःच्या शब्दांत जे लिहून ठेवलं ते आपल्यापर्यंत पोचलं आहे. ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेल्या आणि टिकून राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या लेखनांपैकी ते एक.

त्यात ती एक स्वप्न सांगते. तिचा धाकटा भाऊ दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना चेहऱ्यावरच्या भयंकर दुखण्याने गेला होता. एके दिवशी प्रार्थना करताना अचानक त्याचं नाव तिच्या तोंडी आलं. त्या रात्री तिला तो दिसला. काळोख्या जागेतून बाहेर येत होता, मळलेला, तहानलेला, तोंडावर ती जखम तशीच. समोर पाण्याचं टाकं होतं, पण टाक्याचा काठ पोराच्या उंचीच्या वर. तो टाचा उंच करून पाणी पिऊ बघतो आणि त्याला ते मिळत नाही. पर्पेतुआ जागी झाली आणि त्याच्यासाठी रात्रंदिवस रडून प्रार्थना करू लागली. काही दिवसांनी तो पुन्हा दिसला. आता अंग स्वच्छ, अंगावर चांगले कपडे, जखमेच्या जागी नुसता व्रण. टाक्याचा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आला होता. पोटभर पाणी प्यायला आणि लहान मुलं खेळतात तसा खेळायला गेला.

या स्वप्नात सिद्धान्त असा काहीच नाही. ‘शुद्धिस्थळ’ हा शब्द नाही, पोप नाही, मिस्सा नाही. एका बहिणीला वाटलं की आपला भाऊ तहानलेला आहे, आणि आपण त्याच्यासाठी काही केलं तर पाण्याचा काठ खाली येईल. पुढे जे उभं राहिलं त्याचं बीज इथे आहे.

जुना वारसा

ख्रिस्ती धर्म ज्या यहुदी परंपरेतून निघाला, तिच्यात मृतांविषयीची सगळ्यात जुनी कल्पना अगदी वेगळी होती. मेलेले सगळेच, चांगले आणि वाईट, जमिनीखालच्या अंधाऱ्या अधोलोकात जातात. तिथे शिक्षा नाही, बक्षीसही नाही. न्याय व्हायचा तो इथेच, या आयुष्यात.

ही कल्पना हलली ती छळामुळे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात ग्रीक राजवटीने यहुद्यांच्या धर्माचरणावर बंदी घातली आणि धर्म पाळणारी माणसं त्यापायी मारली जाऊ लागली. तेव्हा जुनं उत्तर पुरेना. देवासाठी जो मेला, त्याला न्याय कधी मिळणार? त्याच काळातल्या दानीएलाच्या ग्रंथात मेलेले उठतील, काही सार्वकालिक जीवनासाठी आणि काही अप्रतिष्ठेसाठी, ही कल्पना स्पष्ट येते. आणि मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात एक प्रसंग येतो, तो नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्यावरून मोठं रणकंदन होणार आहे. लढाईनंतर यहूदा मक्काबी आपल्या सैनिकांची प्रेतं उचलायला जातो, तर मेलेल्यांच्या अंगरख्याखाली परक्या देवतांचे ताईत सापडतात. म्हणजे हे देवाच्या बाजूने लढले खरे, पण पाप करून मेले. यहूदा वर्गणी गोळा करतो आणि साधारण दोन हजार द्रख्मा चांदी यरुशलेमला पाठवतो, मृतांच्या पापासाठी अर्पण करायला. जिवंतांनी दिलेल्या पैशाचा मेलेल्यांना उपयोग होतो, असं सांगणारी ही जुनी नोंद.

येशूच्या काळातही याबाबत यहुद्यांत एकमत नव्हतं. परुशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत.

वाट पाहणारे लोक

पहिले ख्रिस्ती लोक मरणाचा विचार करत होते तो मुख्यतः वाट पाहणाऱ्यांसारखा. येशू लवकरच परत येणार, मेलेले उठणार, सगळ्यांचा न्याय होणार. इ.स. ५० च्या सुमाराला प्रेषित पौलाने थेस्सलनीकातल्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यामागे एक साधी काळजी होती. आपल्यातली काही माणसं तर वाट बघता बघताच गेली, त्यांचं काय? पौल त्यांना धीर देतो की मेलेले मागे राहणार नाहीत, उलट तेच आधी उठतील. मेलेल्यांना तो ‘झोपलेले’ म्हणतो. ग्रीक भाषेत दफनभूमीला ख्रिस्ती लोकांनी जो शब्द लावला त्याचा अर्थच झोपायची जागा. युरोपातल्या अनेक भाषांत आज दफनभूमीसाठी असलेला शब्द त्यातूनच आला.

पण वर्षं गेली, दशकं गेली, शतकं गेली. न्यायाचा दिवस येईना. मग अडचण अशी झाली की मरण आणि शेवटचा न्याय यांच्यामध्ये एक लांबलचक काळ मोकळा पडला. या काळात मेलेला माणूस कुठे असतो? नव्या करारात याबद्दल सरळ एक उत्तर नाही. लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंत माणूस आणि गरीब लाजर यांची गोष्ट आहे. एक मेल्याबरोबर यातनेत, दुसरा अब्राहामाच्या उराशी. त्याच शुभवर्तमानात येशू शेजारच्या क्रूसावरच्या गुन्हेगाराला त्याच दिवशी सुखलोकाचं आश्वासन देतो. म्हणजे निकाल तात्काळ. उलट मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात निकाल एकदम शेवटी, सगळ्या राष्ट्रांचा मिळून, मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसा. आणि तिथे परीक्षेचा प्रश्न एकच: भुकेल्याला खायला दिलंत का, तहानलेल्याला पाणी दिलंत का?

या दोन्ही गोष्टी चर्चने ठेवल्या. मरताक्षणी एकेकाचा न्याय, आणि शेवटी सगळ्यांचा न्याय. मधला काळ मात्र उघडाच राहिला. आणि करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाने एक वाक्य असं लिहून ठेवलं होतं, की ज्याचं काम जळून जाईल तो स्वतः वाचेल, पण अग्नीतून बाहेर पडल्यासारखा. हा अग्नी कोणता, यावर पुढची हजार वर्षं विद्वानांनी डोकं खपवलं.

ना फार चांगले, ना फार वाईट

इ.स. ३८७. रोमजवळचं ओस्तिया बंदर. ऑगस्टीनची आई मोनिका आजारी पडली. आफ्रिकेतल्या आपल्या गावी, नवऱ्याशेजारी आपल्याला पुरावं अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. मरताना तिने ती सोडून दिली. शरीर कुठेही ठेवा, म्हणाली. एवढंच मागणं की जिथे असाल तिथे वेदीपाशी माझी आठवण काढा. हा ऑगस्टीन पुढे पश्चिमेकडच्या चर्चचा सगळ्यात मोठा विचारवंत झाला, आणि आईचं ते मागणं त्याच्या विचारात राहिलं असं म्हणायला जागा आहे.

ऑगस्टीनने मेलेल्यांचे ढोबळ प्रकार पाडले. जे फार चांगले, त्यांना आपल्या प्रार्थनेची गरज नाही. त्यांच्यासाठी आपण फक्त आभार मानतो. जे फार वाईट, त्यांना उपयोग नाही. तिथे प्रार्थनेने दिलासा मिळतो तो जिवंतांनाच. पण जे फार चांगले नाहीत आणि फार वाईटही नाहीत, त्यांना मात्र उपयोग होतो. आता सांगा, या शेवटच्या खणात कोण येतं? आपण सगळेच येतो. आपले आईवडील, आपले शेजारी, सगळे. इतिहासाच्या दृष्टीने ही वर्गवारी महत्त्वाची आहे ती याचसाठी. तिने सामान्य माणसासाठी जागा केली.

त्यानंतर दोनशे वर्षांनी पोप पहिला ग्रेगरी याने एक गोष्ट लिहिली, ती युरोपभर सांगितली गेली. त्याच्या मठात युस्तुस नावाचा वैद्यकी जाणणारा संन्यासी होता. तो मरायला टेकला तेव्हा कळलं की त्याने औषधांत तीन सोन्याची नाणी लपवली आहेत. मठात खाजगी मालमत्ता ठेवायची नाही असा नियम. ग्रेगरीने कडक शिक्षा केली: मरताना जवळ कोणी जायचं नाही, मेल्यावर नाण्यांसकट उकिरड्यात पुरायचं. तीसेक दिवस गेले आणि त्याला स्वतःलाच वाईट वाटलं. त्याने आज्ञा दिली की या माणसासाठी ओळीने तीस दिवस मिस्सा अर्पण करा. दिवस कोणी मोजले नव्हते. एका रात्री युस्तुस आपल्या भावाच्या स्वप्नात आला आणि म्हणाला की आत्तापर्यंत हाल होते, आज सुटलो. मोजून पाहिलं तर तो तिसावा दिवस. आजही कॅथलिक चर्चमध्ये मृतांसाठी ओळीने तीस मिस्सांची जी प्रथा आहे, तिला ग्रेगरीचंच नाव आहे.

इ.स. १००० च्या आसपास फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने आपल्या सगळ्या मठांसाठी २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरवून दिला. १ नोव्हेंबर सर्व संतांचा, दुसऱ्या दिवशी सर्व मृतांचा. क्लूनीच्या मठांचं जाळं मोठं होतं, त्यामुळे हा दिवस पसरत गेला आणि पुढे पश्चिमेकडच्या सगळ्या चर्चचा झाला.

जागेला नाव मिळालं

आता बघा, इथवर कृती आहेत. प्रार्थना आहेत, मिस्सा आहेत, दिवस ठरला आहे. पण मेलेले ‘तिथे’ आहेत असं म्हणायला त्या जागेला नाव नव्हतं. ‘शुद्ध करणारा अग्नी’ असं विशेषण होतं. ‘शुद्धिस्थळ’ असं नाम नव्हतं. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी १९८१ साली याच विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी दाखवलं की ‘पुर्गातोरियुम’ हे लॅटिन नाम बाराव्या शतकाच्या अखेरीस, साधारण ११७० ते १२०० च्या दरम्यान वापरात येतं. त्यांच्या मते हे त्याच वेळी घडलं याला कारणं आहेत. शहरं वाढत होती, व्यापारी वर्ग उभा राहत होता, माणसं हिशोब ठेवायला शिकत होती. फक्त संत आणि पापी, स्वर्ग आणि नरक, असं दोनच कप्प्यांचं जग या नव्या मधल्या माणसांना पुरत नव्हतं. व्याजाने पैसे देणारा सावकार जुन्या शिकवणुकीप्रमाणे सरळ नरकात. आता त्यालाही आशेची एक फट दिसली. ल गॉफ यांच्यावर टीकाही झाली. नाव नवं असेल, पण कल्पना आणि प्रथा कितीतरी जुनी होती, असं अनेक अभ्यासकांनी म्हटलं. आपण पर्पेतुआपासून सुरुवात केली ती म्हणूनच.

पुढची पावलं अधिकृत होती. १२५४ साली पोप चौथा इनोसंट याने एका पत्रात हे नाव वापरलं. १२७४ च्या लियाँ इथल्या धर्मपरिषदेत शुद्ध करणाऱ्या शिक्षेची आणि जिवंतांच्या मदतीची शिकवण मान्य झाली. मधल्या काळाबद्दलचा घोळ मात्र चालूच होता. १३३१ साली पोप बाविसावा जॉन याने प्रवचनांतून मांडलं की शेवटच्या न्यायापर्यंत संतांनाही देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. केवढी खळबळ झाली! अखेर मरणशय्येवर त्याने ते मत मागे घेतलं, आणि त्याच्यानंतरच्या बाराव्या बेनेडिक्टने १३३६ साली निर्णय जाहीर केला: निकाल मरणानंतर लगेच, शुद्ध झालेल्यांना दर्शनही लगेच. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हे असं रेखीव चित्र कधीच मानलं नाही. ते मृतांसाठी प्रार्थना करत होते, आजही करतात, पण शुद्धिस्थळाचा अग्नी त्यांना पटला नाही. १४३९ च्या फ्लोरेन्सच्या परिषदेत यावर वाद झाला तो त्यामुळेच. म्हणजे मृतांसाठी प्रार्थना करायला शुद्धिस्थळाचा नकाशा लागतोच असं नाही, हे इथे लक्षात ठेवू.

नकाशा काढला तो दान्तेने, इटालियन भाषेतल्या महाकाव्यात. १३२१ मध्ये तो वारला त्याच्या थोडं आधी ते पुरं झालं. शुद्धिस्थळ हे त्याने जमिनीखालचं तळघर न करता उघड्या आकाशाखालचा डोंगर केला. तिथली माणसं यातनेत आहेत, पण त्यांची दिशा वरची आहे. आणि ती माणसं दान्तेला परत परत एकच निरोप देतात: घरच्यांना सांग, आमच्यासाठी प्रार्थना करा.

नावांची यादी आणि पैशाचा हिशोब

हे सगळं ऐकताना आपल्याकडच्या कोणालाही पितृपक्ष आठवेल, आणि त्यात गैर काही नाही. फक्त दोन्ही गोष्टी एकच आहेत असं समजू नका. त्यामागचा विचार वेगळा आहे. सारखी आहे ती गरज.

मध्ययुगीन युरोपातल्या गावात ही गरज कशी भागवली जायची? चर्चमध्ये मृतांच्या नावांची यादी असायची आणि ती लोकांसमोर वाचली जायची. श्रीमंत माणूस जमीन लावून द्यायचा, त्याच्या उत्पन्नावर एक धर्मगुरू नेमला जायचा, आणि त्याने त्या माणसासाठी रोज मिस्सा म्हणायची. आपल्याकडच्या इनामासारखीच ही सोय. गरिबाला एवढं कुठलं परवडायला? मग तो बंधुसंघात वर्गणी भरायचा. संघ त्याची प्रेतयात्रा काढायचा आणि त्याचं नाव यादीत घ्यायचा. इंग्लंडमध्ये अशी नेमणुकीची प्रार्थनास्थानं दोन हजारांच्या वर होती. हे धर्मगुरू पुष्कळदा गावातल्या मुलांना शिकवतही असत. ऑक्सफर्डमधलं ऑल सोल्स कॉलेज १४३८ साली स्थापन झालं ते फ्रान्सबरोबरच्या युद्धात पडलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून. १३४८ च्या प्लेगनंतर तर शेवटचे संस्कार न होता मरण्याची धास्ती घराघरात बसली होती.

पण जिथे हिशोब येतो तिथे बाजारही येतो. चर्चमध्ये पापमुक्तिपत्रं देण्याची पद्धत होती. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलं ते बहुधा असं की पैसे द्या आणि पाप माफ. नेमकेपणाने सांगायचं तर पाप माफ होतं ते पश्चात्तापाने आणि कबुलीने. पापमुक्तिपत्राने माफ व्हायची ती उरलेली शिक्षा. १४७६ साली पोप चौथा सिक्स्टस याने ही सवलत शुद्धिस्थळातल्या मृतांनाही लागू केली. आता मेलेल्या आईसाठी पत्र घेता येऊ लागलं. आणि कोण नाही म्हणेल? आई आगीत आहे आणि तुमच्या खिशात पैसे आहेत, असं कोणी सांगितल्यावर हात आखडता घेणं सोपं नसतं.

१५१५ नंतर जर्मनीत जी विक्री झाली, तिच्यामागे तीन हिशोब होते. पोप दहाव्या लिओला रोममधलं संत पेत्राचं महामंदिर बांधायचं होतं. माइन्त्सचा आर्चबिशप आल्ब्रेक्त याने पद मिळवण्यासाठी फुगर या पेढीवाल्यांकडून कर्ज काढलं होतं. आणि योहान टेट्झेल हा विक्रीत तरबेज होता. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन लुथरने आपली ९५ विधानं पुढे केली ती यावरून. त्यातला एक प्रश्न त्याने सामान्य लोकांच्या तोंडचा म्हणून दिला आहे, आणि आमच्या मते तो सगळ्यात बोचरा: पोपला जर आत्मे सोडवता येत असतील, तर पैशासाठी कशाला, नुसत्या प्रेमापोटी तो सगळं शुद्धिस्थळ रिकामं का करत नाही?

तेव्हा लुथरने शुद्धिस्थळ नाकारलं नव्हतं. ते त्याने १५३० मध्ये उघडपणे नाकारलं. तारण केवळ देवाच्या कृपेने आणि विश्वासाने मिळत असेल, तर मेल्यावर फेडायचं उरतं काय? आणि मक्काबींच्या ग्रंथातली ती दोन हजार द्रख्मा? तो ग्रंथ हिब्रू बायबलात नाही, म्हणून त्याच्यावर सिद्धान्त उभा करता येणार नाही, असं प्रॉटेस्टंटांनी ठरवलं.

धर्मगुरूने तोंड फिरवलं

याचा सामान्य माणसावर काय परिणाम झाला ते इंग्लंडमध्ये फार स्पष्ट दिसतं. आठवा हेन्री पोपपासून फुटला खरा, पण मरणाच्या बाबतीत तो जुनाच राहिला. विंडसरला आपल्यासाठी जग असेतोवर रोज मिस्सा व्हाव्यात असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं. जानेवारी १५४७ मध्ये तो गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या राज्यात कायदा झाला: शुद्धिस्थळाची कल्पना फोल आहे, मृतांसाठीची ती सगळी प्रार्थनास्थानं बंद, त्यांची मालमत्ता राजाकडे जमा. पिढ्यान्‌पिढ्यांनी आपल्या मृतांसाठी लावून दिलेली जमीन सरकारजमा झाली. नावांच्या याद्या वाचणं थांबलं.

याहून बारीक, पण आम्हाला अधिक बोलका वाटणारा बदल प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. १५४९ च्या इंग्रजी पुस्तकात दफनाच्या वेळी धर्मगुरू माती टाकताना मेलेल्या माणसालाच उद्देशून बोलतो: तुझा आत्मा देवाकडे आणि तुझं शरीर मातीकडे सोपवतो, अशा अर्थाचं. तीन वर्षांनी, १५५२ च्या पुस्तकात, तो मेलेल्याशी बोलत नाही. भोवती उभ्या असलेल्या लोकांशी बोलतो, आणि मेलेल्याविषयी ‘त्याचं शरीर’ असं म्हणतो. आयरिश इतिहासकार एमन डफी यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात याकडे लक्ष वेधलं आहे. ‘तू’चा ‘तो’ झाला. व्याकरणातला एवढासा बदल, पण मेलेला माणूस समाजातून गेला तो तिथे. आता त्याला काही सांगता येत नव्हतं आणि त्याच्यासाठी काही करताही येत नव्हतं.

हे वाईटच झालं का? एकच बाजू बघू नये. भीतीचा बाजार बंद झाला. गरिबाच्या आईला आता श्रीमंताच्या आईइतकीच आशा होती, कारण पैशाने फरक पडणारच नव्हता. पण ज्याच्या मनात अपराधाची टोचणी होती, शेवटच्या आजारात आपण आईजवळ नव्हतो, बापाशी भांडण मिटायचं राहून गेलं, त्याच्या हातातलं कामही गेलं.

सासष्टीपर्यंत

कॅथलिक चर्चने उत्तर दिलं ते त्रेंतच्या परिषदेत, डिसेंबर १५६३ मध्ये: शुद्धिस्थळ आहे, आणि तिथल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेचा, विशेषतः मिस्साचा, उपयोग होतो. पण साध्या लोकांपुढे अवघड चर्चा करू नका, आणि पैशाचा लोभ यात आणू नका. १५६७ साली पैशाच्या बदल्यात पापमुक्तिपत्रं देणंही रद्द झालं. त्याच वर्षी गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि त्रेंतचे निर्णय इकडे लागू करायला घेतले गेले.

आणि इथे आपल्या भाषेचा संबंध येतो. थॉमस स्टीफन्स, ज्यांना मराठी वाचक फादर स्टीफन्स म्हणून ओळखतात, ते जन्माने इंग्रज. जन्म साधारण १५४९ चा. म्हणजे ज्या देशात मृतांसाठीची मिस्सा कायद्याने बंद झाली, तिथला हा कॅथलिक माणूस रोमला जाऊन जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्याला आला आणि पुढचं आयुष्य सासष्टीत घालवलं. १६१६ साली रायतूरला छापलेलं त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत आहे, आणि त्यात स्वर्गासाठी त्यांनी चक्क ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला.

शब्द मिळाला, पण एक प्रश्न शब्दाने सुटणारा नव्हता. तो आधीच फ्रान्सिस झेवियरपुढे आला होता, जपानमध्ये. १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की जपानी ख्रिस्ती लोक विचारतात, आमचे पूर्वज तर बाप्तिस्मा न घेताच गेले. त्यांच्यासाठी प्रार्थना आणि दानधर्म केला तर ते सुटतील का? त्याने उत्तर दिलं, नाही. ते रडले, आणि ते रडणं बघून आपल्यालाही वाईट वाटल्याचं झेवियर लिहितो. ऑगस्टीनचा तो मधला खण बाप्तिस्मा झालेल्यांसाठी होता. गोव्यात नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांतही हेच होतं. स्वतःच्या मरणानंतर मुलं आपल्यासाठी मिस्सा सांगतील. पण आपल्या आज्याचं श्राद्ध मात्र करायचं नाही. ज्या कल्पनेने मरणाच्या भिंतीत खिडकी केली, तिनेच दुसरीकडे दार लावून घेतलं. बाप्तिस्म्याबाहेरच्या लोकांबद्दलची कॅथलिक भूमिका नंतरच्या काळात, विशेषतः १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, बरीच मवाळ झाली. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे असं म्हटलं. त्या रडणाऱ्या जपानी माणसांना मात्र हे ऐकायला मिळालं नाही.

आणि इंग्लंडचं काय झालं? १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात लाखो तरुण परदेशी चिखलात पुरले गेले. आईबापांना थडगंही मिळालं नाही. तेव्हा ज्या चर्चने साडेतीनशे वर्षांपूर्वी मृतांसाठीची प्रार्थना काढून टाकली होती, त्याच चर्चने १९१७ मध्ये ती पुन्हा अधिकृत पुस्तिकेत घेतली. शुद्धिस्थळ परत आलं नाही, पैशाचा हिशोब परत आला नाही. गावोगावच्या स्मारकांवर नावांच्या याद्या मात्र परत आल्या, आणि वर्षातून एकदा त्या मोठ्याने वाचल्या जाऊ लागल्या.

वसईत, गोव्यात, मुंबईत २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी दफनभूमीत गेलात तर थडग्याथडग्यावर फुलं आणि पेटलेल्या मेणबत्त्या दिसतील. तिथे उभ्या असलेल्या बाईला १२७४ ची परिषद ठाऊक असेलच असं नाही. तिला एवढं ठाऊक असतं की आपलं माणूस तहानलेलं असू शकतं, आणि आपल्या हातात काहीतरी आहे. कार्थेजच्या तुरुंगातल्या पर्पेतुआलाही एवढंच ठाऊक होतं.

आज इथेच थांबू.